व्हॉल्व्हचा प्रीअँप आणि वहिनींचा स

३ फेब्रुवारी

धाकटे,

तू फोन उचलत नाहीस हे घरात आता कुणालाच नवं राहिलेलं नाही. दिवसभर रेडिओ केंद्रात लोकांचे आवाज कानात ओतून घेतेस, म्हणून घरी आल्यावर तुला माणसं कागदावरच बरी वाटतात, हे तुझं म्हणणं मला पटतं. माझे पेशंटही मला तोंड उघडं ठेवून गप्प असतात तेव्हाच आवडतात. तेव्हा पत्र.

काम महत्त्वाचं आहे. तुझी वहिनी शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात मी एकटाच विद्यार्थी उरलो होतो. त्यातून सुटकेची चिन्हं आहेत. ध्वनिपुस्तकं काढणारी एक संस्था तिला एक जाडजूड कादंबरी वाचायला देणार आहे. जवळजवळ देणार आहे, म्हणायला हवं. ध्वनिमुद्रण आपलं आपण घरी करायचं अशी अट. पहिल्या प्रकरणाचा नमुना पाठवला, तो परत आला. "आवाजात जीव आहे, पण मुद्रण कोरडं आहे आणि काही अक्षरं कानाला टोचतात. मार्चअखेर दुसरा नमुना पाठवावा, त्यानंतर आम्हाला दुसरा वाचक बघावा लागेल." ती म्हणते, नाही तर नाही. पण कादंबरी कपाटात ठेवत नाही आणि वाचतही नाही, नुसती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेते. तिला हे काम किती हवंय ते यावरून समज.

मी निदान केलं आहे. आपल्याकडे व्हॉल्व्हचा प्रीअँप नाही. इंटरनेटवर यातले जाणकार आहेत, त्यांचं एरवी कशावरही एकमत होत नाही, पण व्हॉल्व्हने आवाजाला ऊब येते यावर झालेलं आहे. दोन यंत्रं हेरली आहेत. एक मोठं, दर्शनी भागाला काच, आत व्हॉल्व्ह नारिंगी पेटलेला दिसतो. खोलीत ठेवलं तर पाहुणे आदराने बोलतील. दुसरं राखाडी, डब्यासारखं, कुणी चुकून त्यात बिस्किटं ठेवील असं. दुकानदार ओळखीचा आहे, दोन्ही घरी नेऊन बघा म्हणतो. मुद्रण ई-मेलने पाठवलंय. ऐक आणि कुठलं घेऊ ते लिही.

मागच्या खोलीत चारही भिंतींना गाद्या उभ्या करून स्टुडिओ केला आहे. यायचं ठरवलंस तर तुला उभ्यानेच झोपावं लागेल.

तुझा दादा

*

८ फेब्रुवारी

दादा,

निदान आधी आणि तपासणी नंतर, ही तुझी दवाखान्यातली पद्धत आहे की फक्त घरची?

माइकमधून निघतो तो आवाज इतका बारीक असतो, की त्याला कुणीतरी हाताला धरून वर आणावं लागतं. ते काम प्रीअँपचं. साधा चांगला प्रीअँप जे असेल तेच मोठं करून दाखवतो. व्हॉल्व्हवाला मोठं करता करता कडा जरा गोल करतो. म्हणजे लग्न जमवणाऱ्या मावशीसारखा. मुलगा तोच असतो, फक्त तिच्या तोंडून ऐकताना बरा वाटतो. आपल्या लहानपणी घरात रेडिओ होता, त्यातलाच हा व्हॉल्व्ह. तेव्हा आपण त्याला ऊब म्हणत नव्हतो, गरम होतोय, बंद करा म्हणत होतो.

काचेच्या मोहात पडू नकोस. ज्या यंत्राला आपला व्हॉल्व्ह दाखवायची हौस असते, त्यात तो बहुतेक वेळा दाखवण्यापुरताच असतो. बिस्किटांचा डबा आण. वाटलं तर दोन्ही आण, पण घुंड्या हळू फिरव, आणि माइक तोंडासमोर बंदुकीसारखा धरू नकोस, जरा बाजूला घे. गाद्यांचं काम उत्तम झालंय. खोलीत काही दोष नाही.

वहिनींना वेगळं पाकीट टाकते आहे. त्यावर "स्वेटरची वीण" असं लिहिलंय, तेव्हा तू फोडणार नाहीस याची खात्री आहे.

धाकटी

*

८ फेब्रुवारी

वहिनी,

आत वीण नाही. मला विणता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, दादाला नाही.

मुद्रण ऐकलं. तुम्ही सुंदर वाचता, ते आता सोडा. प्रत्येक स आणि श बरोबर एक बारीक शीळ येते आहे. ती माइकची नाही, तारेची नाही, आणि व्हॉल्व्ह नसल्याची तर मुळीच नाही. आमच्याकडच्या एका वृत्तनिवेदकाने नवी कवळी बसवली, तेव्हा आठवडाभर सगळ्या देशाच्या सीमांवर अशीच शीळ वाजत होती.

पूर्वी तुम्ही आमच्याकडे मुलांच्या कार्यक्रमात गोष्टी वाचल्या होत्या. त्या टेपा काढून ऐकल्या. त्यात ही नाही. सरळ विचारते, राग मानू नका. पुढच्या दातांचं काही केलंय का? आणि कुणी केलंय हे विचारायची गरज आहे का?

तुमची नणंद

*

१४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

हा शब्द कागदावर लिहिताना किती मोकळं वाटतं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. दोन वर्षं मी तुम्हाला तोंडाने ताई म्हणते आहे, तुमच्या लक्षात आलंय का? त्याचं कारण आता सांगते.

मनगट मोडलं होतं ना यांचं, त्यानंतरची गोष्ट. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण यांचा हातावरचा भरवसा गेला. दवाखाना उघडायचे, वर्तमानपत्र वाचायचे आणि बंद करून यायचे. पेशंट आला की त्याला कुणा दुसऱ्याची चिठ्ठी द्यायचे. पाटी उतरवायची भाषा सुरू झाली. माझ्या पुढच्या दोन दातांचे टवके शाळेत कुणाच्या तरी चेंडूने कधीचेच उडालेले होते, मी ते विसरूनही गेले होते. एक दिवस जाऊन खुर्चीवर बसले आणि म्हटलं, यावर कॅप बसवा, फार वाईट दिसतात. नाही नाही म्हणत शेवटी बसवल्या. त्या संध्याकाळी हे दवाखान्याला कुलूप लावताना गुणगुणत होते. दुसऱ्या दिवसापासून पेशंट घ्यायला लागले, ते आजतागायत.

शीळ तिथूनच आहे. मला पहिल्या दिवशीच ऐकू आली. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, वन्सं, पण इथे दात यांचे आणि ओठ माझे. सांगणार कसं? मग मी शब्दच बदलले. साखरेला गोड म्हणते. संध्याकाळी न म्हणता दिवे लागताना म्हणते. पाहुण्यांना बसा म्हणत नाही, टेका म्हणते. शेजारीण म्हणजे पलीकडची. भाषा शिकवण्यात आयुष्य गेल्याचा हा एक फायदा. वर्गात शेवटचे काही महिने तर मी अशी काही वाक्यं बोलत होते, की मुलांना वाटायचं बाई अवघड करून शिकवतात.

पण कादंबरी दुसऱ्याने लिहिलेली असते. तिची नायिका, तिचं सासर, तिची सवत, सगळ्यांना स लागतो. तिथे मला पळवाट नाही.

मला हे काम हवं आहे. फार हवं आहे. पण यांच्या हाताच्या बदल्यात नको. तेव्हा यांना ते यंत्र घेऊ द्या. व्हॉल्व्हने काही झाकलं गेलं तर दोघांचंही राहील. तुम्ही त्यातल्या आहात, खरं सांगा, झाकलं जातं का?

तुमची वहिनी

*

२० फेब्रुवारी

वहिनी,

आणि मला वाटत होतं की दोन वर्षांत तुमची माझ्यावरची माया वाढली. ऑफिसात मी चारचौघींना सांगितलंसुद्धा, की आमची वहिनी मला ताई म्हणते. असो.

खरं सांगते. झाकलं जात नाही. व्हॉल्व्ह शिळेला मखमलीचा कोट चढवेल, पण कोटात ती शीळच असेल. घुंडी फार फिरवली तर ती दबेल, आणि तिच्यासोबत बाकीचंही सगळं दबेल. संगणकावर स बोथट करायची सोय असते, तीही सांगून ठेवते. त्याने एवढ्या मोठ्या कादंबरीभर नायिका बोबडी बोलेल. संस्थेत माझ्यासारखं कुणीतरी कान लावून बसलेलं असणारच. आम्ही लोक दुष्ट असतो.

एक उपाय आहे. गुपचूप दुसऱ्या डेंटिस्टकडे जा.

तुमची नणंद (ताई म्हटलेलं आवडायचं)

*

२६ फेब्रुवारी

वन्सं,

दुसऱ्या डेंटिस्टकडे जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला लग्न न केल्यामुळे कळत नाही. दुसऱ्या पुरुषासोबत दिसले तर लोक समजून तरी घेतील. आणि ते सगळे डेंटिस्ट एकमेकांना ओळखतात, महिन्याला एकत्र जेवतात, जेवताना दातांबद्दलच बोलतात. मी नाही जाणार.

दोन्ही यंत्रं घरी आली आहेत. यांचं पत्र तुम्हाला येईलच. दुसरं काही सुचत असेल तर लवकर लिहा, मार्च उजाडतोय.

वहिनी

*

२७ फेब्रुवारी

धाकटे,

प्रयोग जोरात आहेत. दवाखाना दुपारी बंद करतो आणि मागच्या खोलीत शिरतो. काचेच्या यंत्रावर आवाज लोण्यासारखा येतो. तुझ्या बिस्किटांच्या डब्यावर तो आहे तसाच येतो, जरा अंगभर शाल घेतल्यासारखा. पण टोचणारी अक्षरं दोन्हीकडे टोचतात.

मी व्हॉल्व्ह बदलून पाहिले. दुकानदाराने तीन जातींचे दिले, त्यातला एक म्हणे जुन्या कारखान्यातला, आता कुणी करत नाही. त्यानेही टोचतं, फक्त जुन्या पद्धतीने टोचतं. तारा बदलल्या. पंखा बंद केला. फ्रीज बंद केला, तो पुन्हा सुरू करायचा विसरलो, त्यावर घरात जे ऐकलं त्याला कुठल्याही प्रीअँपची गरज नव्हती. विजेच्या दाबाची शंका आली म्हणून वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, दाब बरोबर आहे, तुम्ही ताण घेऊ नका.

मग शास्त्रीय कसोटी म्हणून मी स्वतः कादंबरीचं पहिलं पान वाचलं. माझं सगळं स्वच्छ आलं. अर्थ उघड आहे. ही यंत्रं पुरुषांनी पुरुषांसाठी बनवलेली आहेत, बायकांचा आवाज त्यांना मानवत नाही. तेव्हा यांहून मोठं, चार व्हॉल्व्हचं एक असतं म्हणतात, ते मागवावं काय?

तुझी वहिनी मी म्हणेन तितक्या वेळा मुकाट्याने वाचते. मला तिचं हे मुकाट्याने वाचणं बघवत नाही. काहीतरी कर.

दादा

*

५ मार्च

दादा,

चार व्हॉल्व्हचं मागवू नकोस. ते यंत्र आमच्याकडे होतं, त्यावर हिवाळ्यात हात शेकायचो.

यंत्राला बाई-पुरुष कळत नाही. ते ज्ञान फक्त माणसांना आहे, आणि बघ त्याचं काय केलंय. आमच्याकडे मुद्रणात खोट आली की कुणालाही नवं यंत्र आणू देत नाहीत. एक रीत आहे, ती तुला सांगते. शेवटापासून मागे मागे यायचं. आधी स्पीकर, मग तार, मग प्रीअँप, मग त्यातला व्हॉल्व्ह, मग माइक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ती निर्दोष निघाली की तिच्या मागच्याकडे जायचं. घाईने मधली कडी गाळायची नाही. आणि माइकपाशी पोचलास की तिथे थांबायचं नाही. माइकच्या आधी काय आहे, तेही बघायचं.

एवढंच. बाकी तू हुशार आहेस, निदान आई तसं म्हणायची.

धाकटी

*

५ मार्च

वहिनी,

दादाला वेगळं पत्र टाकलंय. दुसऱ्याने दाखवलेली चूक माणसाला चावते, स्वतः शोधलेली तो दागिन्यासारखी मिरवतो. त्याला ती शोधू द्या. तुम्ही फक्त वाचत राहा, आणि शब्द टाळू नका. घरातसुद्धा.

वाईट झालं तर शिव्या मला द्या. त्यात बहुधा स येतोच.

ताई

*

१२ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र आल्यापासून हे रोज एकेक कडी तपासत होते. एक दिवस स्पीकर, एक दिवस तार, कसं अगदी रीतीने. मी स्टुलावर बसून वाचत होते. काल दुपारी माइक झाला. दुकानातून आणलेला दुसरा माइक लावला, शीळ होतीच. यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत बसले.

मग म्हणाले, "आ कर."

मी केला. यांनी ना टॉर्च आणला, ना आरसा. आत बघितलंच नाही. म्हणाले, "मिट. आत काय आहे ते मला माहीत आहे. मीच केलंय."

मी म्हटलं, आज कळलं ना, जाऊ द्या, इतकं काही नाही. तर म्हणाले, "आज नाही. खुर्चीवरून उतरताना तू आरशात बघून 'छान बसलेत' म्हणालीस. त्या 'बसलेत'मध्येच ऐकली मी."

वन्सं, यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी आरशात बघून इतकी खूश दिसले म्हणे, की सांगायचा धीर झाला नाही. मी खूश यांच्या हातावर होते, यांना वाटलं दातांवर. पुन्हा करायचे म्हणजे मला पुन्हा त्रास, आणि पुन्हा केले आणि पुन्हा शीळ आली तर काय, ही भीती वेगळीच. म्हणून गप्प राहिले. आणि तो नमुना परत आल्यावर यांनी ठरवलं की एखादं यंत्र असं शोधायचं, जे माझ्या नकळत यांची चूक निस्तरेल. ते बायकांच्या आवाजाचं शास्त्र, तो वायरमन, ते तीन जातींचे व्हॉल्व्ह, सगळं त्यासाठी.

मी विचारलं, मी शब्द गाळते हे कधी कळलं. म्हणाले, "तू पाहुण्यांना टेका म्हणायला लागलीस तेव्हा. मग मीही पेशंटना टेकाच म्हणायला लागलो. म्हटलं, लोकांना वाटू दे या घराची पद्धतच आहे."

मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. हसू आलं. म्हटलं, बसा, बसा, बसा, बसा. प्रत्येकाला शीळ वाजली. हेही हसायला लागले. मग मी म्हटलं, पुन्हा करा. यांनी हात पुढे धरून बघितला. थरथरत होता, पण तेव्हा आमचं दोघांचंही सगळं अंगच हसण्याने थरथरत होतं, त्यामुळे त्याचा काही निकाल लागला नाही.

उद्यापासून सुरुवात. नमुन्याला वेळ थोडा आहे. पण मी आज सकाळी यांना चहात साखर कमी पडली असं सांगितलं, कमी नव्हती तरी.

तुमची वहिनी

*

२५ मार्च

धाकटे,

प्रीअँपचा निर्णय झाला, तो कळवतो.

काचेचं यंत्र परत केलं. त्याची घुंडी पुरती फिरवली तर शीळ बुडते हे खरं, आणि एकदा मी तसा नमुना करून तुझ्या वहिनीला न सांगता पाठवणारही होतो. पण शिळेबरोबर तीही बुडते. उरते ती कुणीतरी गोड बाई, जिच्याशी माझी ओळख नाही. राखाडी ठेवलं. ते उचलून मी दवाखान्यात नेलं आणि खुर्चीशेजारी, हत्यारांच्या ताटात मांडलं. दिव्याच्या दांडीला माइक. जुन्या कॅप काढून तात्पुरत्या बसवल्या, आतल्या बाजूने नखाएवढ्या घासायच्या, तिने "ससा शेतात शिरला" म्हणायचं, मी हेडफोनवर ऐकायचं, पुन्हा घासायचं. कानाने दात बसवणारा मी जगातला पहिला डेंटिस्ट असेन. डोळ्यांना फरक दिसत नव्हता तिथे त्या डब्याने मला ऐकवला. एका घासण्यात ससा गप्प झाला. त्यावरून नेमकं माप घेऊन कायमच्या बसवल्या. बाहेर बसलेल्या पेशंटांना ही नवी उपचारपद्धती वाटली. एक आजोबा रुसून बसले आहेत, की मला सशाचं का नाही केलं.

तेव्हा व्हॉल्व्हच्या प्रीअँपने काम होईल हे माझं पहिलं निदान बरोबरच होतं, याची नोंद घ्यावीस. मग डबा परत मागच्या खोलीत आणला, नमुना केला आणि काल पाठवला. आता फक्त वाट बघायची. तुझी वहिनी शांत आहे. मी नाही.

दादा

*

३० मार्च

दादा,

नोंद घेतली. नमुना वहिनींनी मलाही पाठवला होता, पण एकच पान. त्यात काही सापडलं नाही, आणि मी शोधायला बसले होते.

एक मात्र मनाला लागलं. आयुष्यभर हेडफोन लावून लोकांच्या श्वासातला फरक ओळखते मी, आणि सख्खा भाऊ पानभर थापा मारतोय हे मला कळलं नाही. मला वाटत होतं तुला ऐकू येत नाही. आता नवा कान कुठे मिळतो ते तुझ्या जाणकारांना विचारून ठेव.

गाद्या आडव्या कर, मी मेमध्ये येते आहे.

धाकटी

*

६ एप्रिल

प्रिय वन्सं,

संस्थेचं पत्र आलं. कादंबरी माझी. संपूर्ण. आणि ती झाली की दुसरी, तीही जाडच. हे पत्र यांनी मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग पलीकडच्या शेजारणीला बोलावून यांनी पुन्हा वाचलं. गाद्या आडव्या होणार नाहीत, तुमची सोय पुढच्या खोलीत करते.

पत्रात एक सूचना आहे. नमुन्याचं शेवटचं वाक्य संपल्यावर, थोड्या शांततेनंतर, एका पुरुषाचा आवाज आला आहे म्हणे. हळू, पण स्पष्ट. तो "जमलं" असं म्हणतो. पुस्तकात असा शब्द नाही, तरी तेवढं कापून प्रकरण पुन्हा पाठवावं.

मी हेडफोन लावून ऐकलं. आहे खरा. यांना विचारलं तर म्हणतात, रस्त्यावरून कुणी जात असेल. गाद्यांमधून, वन्सं.

मी वाचत होते तेव्हा हे दाराशी उभे होते. माझं वाचन जमलं म्हणाले की यांचे दात, ते मी विचारलं नाही.

तर ते कापायचं कसं, हे सविस्तर लिहा, मला संगणकावरचं फारसं कळत नाही. आणि कापलेला तुकडा टाकून न देता ठेवायचा असला, तर तो कुठे ठेवतात, तेही लिहा.

तुमची वहिनी